तोकार

ओआहाकाच्या डोंगरात, जिथे बस सकाळी एकदाच येते
आणि ढग दिवसातून चारदा,
मी दोन्या क्रेसेन्सियाच्या घरी उतरले होते.
भाडं आठवड्याचं, आगाऊ.
शब्द फुकट.

पहिल्याच दिवशी मातीच्या तव्याकडे माझा हात गेला
तर ती ओरडली, नो तोकेस!
वहीत लिहिलं: तोकार, म्हणजे शिवणं.
दुसऱ्या दिवशी तिचा नातू विल्फ्रिदो
क्लॅरिनेट काखेत मारून निघाला,
म्हणाला, बॉय आ तोकार.
कुणाला शिवायला? मी विचारलं.
तो इतका हसला
की जिभेवर भिजत ठेवलेली बोरूची पट्टी
थेट कोंबड्यांत पडली.

मग वही वाढत गेली.
शेजारणीचं दार वाजवणं, तेही तोकार.
चर्चच्या घंटेचा दोर ओढणं, तेही.
गिरणीपाशी भिजल्या मक्याच्या बादल्या पायानं सरकवत
बाया एकमेकींना सांगतात, ते तोका,
म्हणजे तुझा नंबर.
आणि एलेउतेरिओ, ज्याचा डावा अंगठा करवतीनं नेला,
जो ट्रॉम्बोन आता सुतळीनं मनगटाला बांधतो,
तो म्हणतो, मे तोको.
आलं वाट्याला.
आणि सुतळीची गाठ दातानं ओढतो.

एका शब्दावर एवढं ओझं? मी म्हटलं.
दोन्या क्रेसेन्सिया मका निवडत होती.
घरात आमची भाषा वेगळी, ती म्हणाली,
स्पॅनिश पाहुणी म्हणून आली, ती राहिलीच.
राहणाऱ्या पाहुणीला
आम्ही रिकामं बसू देत नाही.

मग मीही माझी पुरचुंडी सोडली.
आमच्याकडे थंडी वाजते, मी सांगितलं.
कोण वाजवतं?
कोणी नाही. आपोआप.
तिनं शाल ओढून घेतली, बराच वेळ गप्प राहिली.
म्हणजे माणूसच वाद्य, ती म्हणाली,
आणि दात कडकडवून दाखवले.
लागणं मात्र मला तिला समजावता आलं नाही:
हात लागतो, नंबर लागतो, लळा लागतो,
आणि सूर,
तो लागला तर लागतो.

फेब्रुवारीत दोन फिदेन्सिओ गेले.
चाळीस वर्षं पहिल्या क्लॅरिनेटची खुर्ची त्यांची,
तिच्या पाठीवर त्यांच्या कोटाची रेघ उमटलेली.
मयताला बँड पैसे घेत नाही.
रात्री शाळेच्या वर्गात सगळे जमले, एक बल्ब,
फळ्यावर अजून भागाकार.
ती खुर्ची तशीच, मधोमध.
बँडमास्तर कागद लावत राहिला, वर न बघता म्हणाला,
विल्फ्रिदो, ते तोका.

वही माझ्या मांडीवर होती.
तुझी पाळी, असं लिहायला हवं होतं.
की तुला शिवतंय?
की तुझ्यासाठी कोणी वाजवतंय, जे आता इथे नाही?
मी पेनाचं टोपण लावलं.
पोरगा उठला. चार पावलांची वाट त्यानं
बाकांना वळसा घालून मोठी केली.
बसला, तर पाय जमिनीला टेकेनात.

सकाळी दफनभूमीच्या चढावर धुकं इतकं
की पुढचा ढोल नुसताच ऐकू येत होता.
त्याचा पहिला सूर फाटला,
पत्रा ओढावा तसा.
कोणी मान वळवली नाही.
दुसराही थोडा फाटका होता.
तिसऱ्याला काय झालं कोण जाणे,
दोन्या क्रेसेन्सियानं हात लांबवून
चाललेल्या शवपेटीच्या कडेला बोटं टेकवली
आणि तशीच चालत राहिली,
जसं कोणी चालत्या बैलाच्या पाठीवर हात ठेवतं.

उतरताना विल्फ्रिदोनं विचारलं, सुरुवात चुकली ना?
एलेउतेरिओ मनगटाची सुतळी सोडत होता.
वळ पडले होते, लाल.
तोकास्ते, तो म्हणाला.
वाजवलंस.
किंवा शिवलास. मी विचारलं नाही.
थंडी वाजत होती.
खाली गिरणी सुरू झाली होती
आणि बादल्यांची रांग
वळणापर्यंत आली होती.